शेतवस्तीवर लायसन्सची बंदूक : घ्यायच्या आधीपासून ते त्या रात्रीपर्यंत

आमची वस्ती गावापासून अडीच किलोमीटर आत. तीन बाजूंनी ऊस, चौथीकडे पाट, जवळचं घर चारशे पावलांवर, आणि रात्रीची लाईट असली की घरातला कर्ता माणूस बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रानात. मागे म्हातारी आई, बायको, दोन पोरं. शेजारच्या शिवारात कुठं घरफोडी झाली की आठवड्याभरात दोन-तीन जण येऊन बसतात आणि चहा घेता घेता विषय निघतोच, की बारा बोर बंदूक घ्यायची म्हणतोय, कसं करायचं, आणि चोर आला न् उडवली तर चालतं का.

माझ्याकडे आजोबांची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे, वारसाने लायसन्स माझ्या नावावर झालं त्याला अकरा वर्षं झाली. येणाऱ्याला दरवेळी तेच सांगतो म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो आणि पुढेही परत परत येईल, बंदूक घरातल्या माणसांसाठी असते, घरातल्या वस्तूंसाठी नाही. मोटार, केबल, शेळ्या, सोनं, रोकड यासाठी ती कपाटातून बाहेर काढायची नाही. हे ज्याला मनापासून पटत नाही त्याने पुढचं वाचून लायसन्सच्या मागे लागू नये.

आधी आपल्या घरात बघा

घरात रोज पिणारा कोणी आहे का? भावाभावांत बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे का? कोणी बऱ्याच दिवसांपासून गप्प गप्प आहे, कर्जाच्या टेन्शनमध्ये आहे, झोप लागत नाही, जीव नकोसा झाला असं एकदा जरी बोलून गेलंय का? यातल्या एकाचं जरी उत्तर हो असेल तर बंदूक घरात आणू नका, असेल तर ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून ठेवा. चोर वर्षानुवर्षं येत नाही पण राग आणि दारू रोज संध्याकाळी घरात असते, आणि बंदुकीला कळत नाही समोर चोर आहे का चुलतभाऊ. नैराश्यात असलेल्या माणसाच्या हाताशी तर ती एक मिनिटही नको. आमच्याकडे लोक हे बोलायला लाजतात म्हणून मी हे पहिल्यांदा बोलतो.

मग दार, उजेड, कुत्रं आणि फोन

बंदुकीला एक-दीड लाख घालायची तयारी असते आणि मागच्या दाराला प्लायवूड असतं, कोयंडा दोन स्क्रूवर. आधी ते बदला. बाहेरच्या दाराला लोखंडी सेफ्टी डोअर, आतून अडसर, जुन्या वाड्यात असायचा तसा आडवा, भिंतीत दोन्हीकडे घुसणारा. खिडक्यांना गज. ओट्यावर आणि गोठ्यावर सोलरचे सेन्सर लाईट, कारण लाईट कधी जाईल आपल्या हातात नाही. दोन गावठी कुत्री, एक मोकळं एक बांधलेलं.

घरातली एक खोली पक्की करा. शक्यतो मधली, जिला एकच दार आहे आणि भिंत विटांची आहे. त्या दारालाही आतून जाड कडी पाहिजे. रात्री सगळ्यांचे फोन चार्जिंगला त्याच खोलीत. ११२ पोरांना सुद्धा पाठ पाहिजे, आणि फोन लागल्यावर वस्तीचा पत्ता कसा सांगायचा हे पण, कारण वस्तीला नंबर नसतो, पोलिसांना अमक्याच्या वस्तीवर म्हणलं तर कळत नाही. कुठल्या रस्त्याने यायचं, कुठल्या चारीवरून वळायचं, ते दोन वाक्यांत कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पोलीस पाटलाचा नंबर सेव्ह करा. बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू आहे, एका कॉलवर तुमचाच आवाज आसपासच्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर जातो, त्यात घरातल्या प्रत्येकाचा नंबर नोंदवून घ्या. रात्री दोन वाजता पोलीस यायच्या आधी पाच-पन्नास माणसं काठ्या घेऊन वस्तीवर पोचतात.

एवढं करूनही ज्यांना वाटतं की नाही, आमची जागा खरंच एकाकी आहे, त्यांनी पुढच्या पायरीवर यावं.

लायसन्स

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६, या दोनवर सगळं चालतं. वय २१ पूर्ण पाहिजे. ग्रामीण जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून, आणि जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं आयुक्तांकडे. फॉर्म ए-१. आता सगळं देशाच्या एकाच डेटाबेसमध्ये चढतं आणि प्रत्येक लायसन्सला स्वतःचा युनिक नंबर मिळतो, त्याच्याशिवाय लायसन्स चालत नाही. सोबत वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, डॉक्टरचं सर्टिफिकेट (शरीर आणि मन दोन्ही ठीक, कसलं व्यसन नाही), शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट आणि बंदूक सुरक्षित कुठं ठेवणार त्याची हमी.

कारणाच्या रकान्यात नुसतं 'स्वसंरक्षण' लिहून सोडू नका. वस्ती गावापासून किती लांब, जवळचं ठाणं किती किलोमीटर, आधी चोरीची तक्रार दिली असेल तर तिचा नंबर आणि तारीख, घरात कोण कोण, हे लिहा आणि कागद जोडा. मग पोलीस चौकशी. नियमात पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस दिलेत, पण तुम्ही तेवढ्यात होईल असं धरून चालू नका, फाइल कुठल्या टेबलवर आहे ते महिन्याला जाऊन विचारत राहा, शांतपणे. नाकारलं तर लेखी कारण मागा, वर अपील करता येतं.

लायसन्सची मुदत आता ५ वर्षं आहे, २०१९ च्या दुरुस्तीआधी ३ होती. त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं, आधी ३ चालायची. वडिलांची किंवा आजोबांची बंदूक असेल तर नवीन घ्यायच्या आधी वारसाचा मार्ग बघा, लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली की तो हयात असतानाच वारसाच्या नावावर लायसन्स मागता येतं. माझं असंच झालं, आजोबा स्वतः बरोबर होते आणि साहेबासमोर बंदुकीचा नंबर त्यांनी पाठ म्हणून दाखवला.

लायसन्स ज्याच्या नावावर, बंदूक त्याचीच. बायकोने, पोराने, गड्याने ती हातात घेऊन फिरायचं नाही. तुम्ही ट्रक चालवता आणि महिन्यातले वीस दिवस घरी नसता तर तुमच्या नावावरच्या बंदुकीचा घरच्यांना काहीच उपयोग नाही हे नीट लक्षात घ्या, अशा घरात पैसे दारावर घाला किंवा मग बायकोनेच रीतसर ट्रेनिंग घेऊन स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

गावठी कट्ट्याचं नाव काढू नका. विनापरवाना बंदूक सापडली की किमान २ वर्षं कैद, आणि ती नळी कशाची बनवलीय कोणाला माहीत, चोराऐवजी तुमचाच पंजा जातो.

कुठली बंदूक आणि शिकायचं कुठं

वस्तीसाठी माझं मत बारा बोर. लांब असते, ती खिशात घालून कोणी लग्नाला जात नाही, आणि अंधारात दोन्ही हातांनी खांद्याला लावून धरलेली वस्तू एका हातातल्या पॉइंट बत्तीस रिव्हॉल्वरपेक्षा नवशिक्याला जास्त ताब्यात राहते. रिव्हॉल्वर छोटी, त्यामुळे नळी कुठं वळतीय ते नवीन माणसाला कळत पण नाही. नाइन एमएमचा विचार करू नका, ते निषिद्ध बोरमध्ये येतं, सामान्य माणसाला त्याचं लायसन्स मिळत नाही. काडतुसं लायसन्सवर जेवढा आकडा लिहिलाय तेवढीच घेता येतात, आपल्याकडे जी जास्त दिसतात त्यांच्या पितळी बुडावर केएफ लिहिलेलं असतं, म्हणजे खडकीचा कारखाना, पुण्याचा.

शिकायला जिल्ह्याच्या रायफल क्लबमध्ये जा. मामाने रानात नेऊन दोन बार काढून दाखवले हे शिकणं नाही, आणि रानात असे बार काढणं लायसन्सच्या अटीत बसतही नाही. क्लबमध्ये चार गोष्टी अंगात मुरेपर्यंत करून घेतात. बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं समजायचं. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी जाऊ द्यायची नाही, एक सेकंदही. उडवायचं ठरेपर्यंत बोट चापावर नाही, बाहेर लाकडावर सरळ. आणि समोर काय आहे आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे दिसल्याशिवाय उडवायची नाही. पहिल्या तीन लोकांना लवकर येतात, चौथी रात्री दोन वाजता विसरतात.

आमच्या बंदुकीचा एक प्रसंग. पावसाळ्यात दोन महिने पेटीतून काढली नव्हती. काढली, कळ दाबून मधून उघडली, काडतुसाच्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत ते आधी डोळ्याने मग करंगळी घालून बघितलं, आणि सवयीने नळीतून उजेडाकडे बघितलं तर उजव्या नळीतून उजेड दिसला, डावीतून नाही. काडी घालून बघितलं तर माती. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं, कोरडं, कडक, बोटाच्या पेराएवढं. पेटीच्या झाकणाला किल्लीच्या भोकाखाली फट होती तिथून ती आत जात होती. त्या मातीवर काडतूस उडवलं असतं तर नळी फाटून डाव्या हाताची बोटं गेली असती, कारण डावा हात बरोबर तिथंच असतो. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी बंदूक उघडून नळ्या बघणं, कोरडं फडकं, मग तेलाचा हात, हे चुकवत नाही. काडतुसं पण बघतो, ओल लागून फुगलेलं दिसलं की बाजूला काढतो आणि डीलरकडे परत देतो.

घरात ठेवायची कशी

खुंटीला नाही, पलंगाखाली नाही, माळ्यावर गोधडीत गुंडाळून तर अजिबात नाही. लोखंडी पेटी किंवा कपाट, भिंतीला आतून बोल्ट मारलेलं, कुलूपबंद. बंदूक रिकामी. काडतुसं वेगळ्या कुलपात. पेटी त्या पक्क्या खोलीतच पाहिजे, कारण गडबड झाली की सगळे तिथंच येणार, तुम्हाला घर ओलांडून बंदुकीकडे जायची वेळ येता कामा नये. किल्ली अंगावर, देव्हाऱ्यात किंवा कॅलेंडरच्या खिळ्याला नाही, पोरांना घरातल्या सगळ्या किल्ल्यांच्या जागा माहीत असतात हे स्वतःचं लहानपण आठवलं तरी कळेल.

लोक म्हणतात एवढी कुलपं उघडेपर्यंत चोर आत येईल. म्हणूनच मी दाराच्या अडसराला एवढं महत्त्व दिलं. ते दार तुम्हाला दोन मिनिटं देतं, आणि दोन कुलपं उघडायला अंधारात मला चाळीस सेकंद लागतात, मोजलेत. तुम्ही पण मोजा.

मोबाईलवर बंदुकीबरोबर फोटो, स्टेटस, रील, काही नाही. एक तर शस्त्राचं प्रदर्शन अटीत बसत नाही आणि गुन्हा दाखल होतो, दुसरं म्हणजे बंदूक कुठं आहे हे तुम्ही चोराला सांगताय, कारण चोरीला जाणाऱ्या वस्तूंमध्ये बंदूकही असते. गेली तर त्याच दिवशी ठाण्यात कळवा. वरातीत, बैलगाडा शर्यतीत हवेत बार काढला तर २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि आचारसंहिता लागली की बऱ्याचदा बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०२४ ला लोकसभा झाली आणि त्याच वर्षी विधानसभा, म्हणजे ज्यांना नोटिसा आल्या त्यांच्या घरात वर्षातले कितीतरी आठवडे बंदूक नव्हतीच. दार-उजेड-फोन आधी म्हणतो ते यासाठी पण.

कायदा काय म्हणतो, एवढं तरी डोक्यात ठेवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिची कलमं ३४ ते ४४ म्हणजे खाजगी संरक्षणाचा हक्क. जुन्या भारतीय दंडविधानात ही ९६ ते १०६ होती, वकील अजून त्याच आकड्यांनी बोलतात. स्वतःचं आणि दुसऱ्याचंही शरीर वाचवायचा हक्क आहे, मालमत्ता वाचवायचाही आहे. पण कलम ३७ ची दोरी सगळ्याला बांधलेली आहे, पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही.

समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क कधी जातो? शरीरासाठी कलम ३८, म्हणजे तुम्ही थांबला तर तुम्हाला किंवा घरच्यांना ठार मारतील किंवा गंभीर इजा करतील अशी रास्त भीती असताना, बलात्काराच्या हल्ल्यात, अपहरणात, अ‍ॅसिड हल्ल्यात. मालमत्तेसाठी कलम ४१, त्यात जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि साधी चोरी किंवा घरात घुसणं फक्त तेव्हाच जेव्हा त्यातून मरण किंवा गंभीर दुखापत होईल अशी खरी भीती आहे.

रात्रीची घरफोडी यादीत आहे हे वाचून काही जण खूश होतात की चला, रात्री कडी तोडली की मोकळीक. तसं नाहीये. कलम ३७ तिथंही आहे. विहिरीवरची केबल कापणारा, ट्रॅक्टरची बॅटरी काढणारा, गोठ्यातून शेळी नेणारा, कांद्याच्या चाळीतून गोण्या उचलणारा, यांच्यावर गोळी घालायचा हक्क यात कुठेच नाही. आणि पळून चाललेल्याच्या पाठीत छर्रे मारले तर ते संरक्षण राहत नाही, त्याचा खटला खुनाचा होतो, फार तर हक्क चांगल्या हेतूने ओलांडला असं दाखवता आलं तर सदोष मनुष्यवधावर येतो, तोही तुरुंगच. चोर पळाला म्हणजे तुमचं काम झालं, त्याला उसात शोधायला जायचं नाही.

कायदा तुम्हाला भित्रं व्हायला सांगत नाही हेही खरं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हे सगळं नीट मांडलंय. वडिलांवर हत्यारानं हल्ला होताना मुलाने लायसन्सच्या बंदुकीने गोळी झाडली होती आणि कोर्टाने त्याला सोडलं, म्हणाले की जीव धोक्यात असताना माणूस सोनाराच्या तराजूवर तोलून मापून वार करू शकत नाही. पण धोका खरा होता, त्या क्षणी होता, हे परिस्थितीवरून दिसावं लागतं, आणि दाखवायची जबाबदारी आरोपीवर म्हणजे तुमच्यावर येते.

ती रात्र

क्रम एकच आणि तो घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. आवाज आला की सगळे पक्क्या खोलीत, दार बंद, डोकी मोजायची. एकाने ११२ लावायचा आणि तो फोन चालूच ठेवायचा. मग बाहेरचे सगळे लाईट लावायचे, बटण खोलीतूनच असेल असं वायरिंग करून घ्या. मग ओरडायचं, मोठ्याने, स्पष्ट, की पोलिसांना फोन झालाय, गाव येतंय, निघून जा, घ्यायचं ते घ्या आणि जा. बहुतेक चोर इथंच जातात, त्यांना ऐवज पाहिजे असतो, मारामारी नाही. बंदूक यानंतर. पेटीतून काढायची, लोकांपासून लांब भिंतीकडे नळी करून भरायची, आणि खोलीच्या कोपऱ्यात बसायचं जिथून दार समोर दिसतं आणि घरचे तुमच्या मागे आहेत, कडेला नाहीत, पुढे तर नाहीतच.

बाहेर जायचं नाही. घर तपासत फिरायचं नाही. अंधारात खोली-खोली शोधणाऱ्याला आधी समोरचा बघतो, आणि तुमचा स्वतःचा पोरगा मोरीतून येत असेल तर? तुम्ही एका खोलीचे राखणदार आहात, सगळ्या वस्तीचे नाही. गोठ्यात काय चाललंय ते चालू दे.

समोर कोण आहे ते दिसलंच पाहिजे. बॅटरी वेगळ्या माणसाच्या हातात, बंदुकीच्या नळीने शोधाशोध करायची नाही.

हे मी कुठं शिकलो ते सांगतो. मार्गशीर्षातली गोष्ट, रात्रीचे अडीच. कुत्री एकदम उठली आणि फाटकाच्या पत्र्यावर दणादण हात पडायला लागले. आदल्याच आठवड्यात पलीकडच्या शिवारात घरफोडी झालेली, त्यात म्हाताऱ्या-म्हातारीला मारहाण झालेली. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर पेटी उघडली. फोन नाही, लाईट नाही, पेटी. दोन्ही काडतुसं आत घालून दाराकडे निघालो तर बायकोने मागून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आवाज ऐका आधी. थांबलो. बाहेरून माणूस रडत हाका मारत होता, मालक, ओ मालक, गाडी काढा. लाईट लावून खिडकीतून बघितलं तर आमच्याच उसावर आलेल्या तोडणी टोळीतला माणूस, कोपीवरून अनवाणी पळत आलेला, अंगात बनियन, बायकोला कळा सुरू झालेल्या आणि मुकादमाचा फोन लागत नव्हता. बंदूक रिकामी करून कुलपात घातली तेव्हा हातातून एक काडतूस खाली पडलं, हात एवढे थरथरत होते. जीप काढली. तालुक्याला दवाखान्यात पोचून वीस मिनिटांत मुलगी झाली. पुढच्या हंगामात ती दोघं परत आली तेव्हा ती आमच्या ओट्यावर रांगत होती आणि आमची आई तिला मेतकूट भात भरवत होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे आधी फोन, लाईट, आवाज, आणि बंदूक चौथी. आणि बारे देऊन परत येणाऱ्याने पाटावरूनच घरी फोन करायचा, फोन लागला नाही तर बॅटरी तीन वेळा उघडझाप करायची आणि नाव घेऊन हाक मारायची, मग अंगणात पाय टाकायचा. पाहुण्यांना पण सांगून ठेवलंय.

हवेत बार काढून घाबरवायचं का, हे सगळे विचारतात. मी नाही म्हणतो. पत्र्याखाली, खोलीत हवा कुठं असते, वर पत्रा असतो आणि माळ्यावर कधी कधी माणूस असतो. बंद खोलीत बारा बोर उडाली की कान बधिर होतात, मग पुढचं काही ऐकू येत नाही, पोरगं रडतंय का चोर बोलतोय ते कळत नाही. शिवाय दोनातलं एक काडतूस गेलं. आणि प्लायवूडच्या दारातून, पत्र्याच्या भिंतीतून छर्रे आरपार जातात, पलीकडे कोण आहे ते न बघता दारातून उडवणं म्हणजे जुगार. नऊ इंची विटेची भिंत अडवते, म्हणून तर खोली विटांची पाहिजे म्हणलं.

इतकं सगळं होऊन, फोन करून, लाईट लावून, ओरडून, कोणी ते आतलं दार पण तोडून हत्यार घेऊन तुमच्या माणसांवर चालून आला, तुम्हाला तो दिसतोय, त्याच्या मागे आपलं कोणी नाही, तर तेव्हा आणि फक्त तेव्हा. आणि तो पडला किंवा वळला किंवा हत्यार टाकलं की थांबायचं, दुसरा बार नाही.

रात्री दोन वाजता शेळी ओरडली की बऱ्याचदा तो बिबट्या असतो, चोर नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, शेळीसाठी त्याला मारणं गुन्हा आहे. लाईट, फटाके, आरडाओरडा आणि सकाळी वनविभागात पंचनाम्याला फोन, नुकसानभरपाई मिळते.

बार झाला असेल तर नंतर

बंदूक उघडून रिकामी करा आणि पोलिसांच्या नजरेला पडेल अशी बाजूला ठेवा. उडालेलं काडतूस जिथं पडलं तिथंच राहू द्या. फोनवर पोलिसांना सांगा की लायसन्सधारक मी आहे, बार झालाय, बंदूक रिकामी करून ठेवलीय, कारण अंधारात वस्तीवर येणाऱ्या पोलिसांना तुम्ही कोण ते माहीत नसतं. ते आले की हात रिकामे ठेवून, लाईटमध्ये उभं राहून बोला.

समोरचा जखमी असेल आणि आता धोका नसेल तर १०८ ला फोन करा, जखमेवर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा. तो चोर असला तरी. माणूस म्हणून करायचंच, आणि तुम्ही गरजेपेक्षा जास्त केलं नाही हे त्यातून दिसतं.

रक्त पुसायचं नाही, तुटलेली कडी नीट करायची नाही, चोराच्या हातात नंतर कोयता ठेवायचा शहाणपणा तर चुकूनही नाही, फॉरेन्सिकवाल्यांना ते कळतं आणि मग तुमची खरी गोष्ट पण खोटी ठरते. कॅमेरा असेल तर त्याची रेकॉर्डिंग पुसली जाणार नाही एवढं बघा. गाव जमा झालं असेल त्यांना ओट्याच्या खाली थांबवा, आणि कोणी चोराला मारहाण करत असेल तर मध्ये पडून थांबवा, जमावाच्या मारात तो गेला तर सगळं तुमच्या दारात घडलेलं असेल.

पोलिसांना जे झालं ते खरं आणि थोडक्यात सांगा, सविस्तर जबाबाआधी वकिलाशी बोलायचंय असं सांगायला घाबरू नका, अटक झाली तर वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क घटनेच्या कलम २२ ने दिलेला आहे. गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो, स्वसंरक्षण होतं की नाही हे तपासात आणि कोर्टात ठरतं, त्यामुळे गुन्हा नोंदला म्हणून हबकून जबाब फिरवायचा नाही. बंदूक मुद्देमाल म्हणून जप्त होणार, लायसन्स तात्पुरतं निलंबित होऊ शकतं. जप्तीचा पंचनामा वाचून मगच सही करा, बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लायसन्सवरच्या नोंदीशी जुळवून बघा, आणि प्रत मागून घ्या.

घरच्यांना, विशेषतः पोरांना, त्या रात्री दुसऱ्या घरी झोपायला पाठवा. पुढचे काही आठवडे ती दचकून उठतील, त्यांच्याशी बोला, डॉक्टरला दाखवायला लागलं तर दाखवा, तुम्हाला स्वतःला झोप लागली नाही तर तुम्ही पण जा. मी नुसतं काडतूस भरून दोन मिनिटं उभा होतो तरी मला पंधरा दिवस तो पत्र्याचा आवाज येत होता.